अट म्हणजे किंमत नव्हे : एका पत्त्यांच्या खेळाने दिलेला ऑफरचा धडा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ऑफर आणि स्कीमबद्दल बोललो. व्हिडिओत वेळेअभावी जी केस स्टडी उरकती घेतली, ती इथे नीट लिहितो आहे. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी हिशोब आहे आणि तो तुमच्याच बिलांवर करायचा आहे.

केस स्टडी एका खेळाची आहे. खेळाचं नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. तुम्ही म्हणाल, आम्हाला किराणा, बेकरी, टिफिन, ब्युटी पार्लर चालवायचंय, पत्त्यांच्या खेळाचं काय करू? पण या कंपनीने २०२० मध्ये ग्राहकांना एक नवी सवलत दिली. ग्राहक आधी खूश झाले, मग वैतागले. कंपनीने ४६ दिवसांत नियम बदलला. आपल्या गल्लीतल्या "५०० च्या खरेदीवर भेटवस्तू मोफत" या पाटीत जी चूक असते, तीच इथे जगभरातल्या खेळाडूंसमोर घडली. म्हणून ही केस.

आधी खेळ समजून घ्या

मॅजिक हा खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या माणसाने तयार केला आणि १९९३ मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या अमेरिकन कंपनीने बाजारात आणला. आपल्या पत्त्यांसारखा ५२ चा ठरलेला कॅट इथे नसतो. हजारो वेगवेगळी कार्डं आहेत, ती बंद पाकिटांतून विकली जातात आणि प्रत्येक खेळाडू स्वतःचा डेक स्वतः बांधतो. नेहमीच्या प्रकारात डेक किमान ६० कार्डांचा. डाव सुरू होताना हातात ७ कार्डं येतात, पुढे दर पाळीला एक.

कार्ड खेळायचं तर खर्च करावा लागतो. त्या खर्चाला 'माना' म्हणतात. माना जमिनीच्या कार्डांतून मिळतो आणि साधारणपणे एका पाळीत एकच जमीन मांडता येते. म्हणजे ३ माना खर्च करायचे तर सुरुवातीच्या टप्प्यात ती जवळपास एक अख्खी पाळी झाली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कंपनीचा धंदा कशावर चालतो? दर काही महिन्यांनी कार्डांचा नवा संच येतो. नव्या संचात नवे नियम असतात, त्यांना खेळाडू 'मेकॅनिक' म्हणतात. नवं काही नसेल तर जुना ग्राहक नवी पाकिटं का घेईल? आणि नवं फारच भारी असेल तर जुनी कार्डं निकामी वाटतात, ग्राहक चिडतो. या दोन टोकांच्या मध्ये कंपनी वर्षानुवर्षं चालते आहे. प्रत्येक दुकानदाराचंही तेच चालू असतं, नाही का?

एप्रिल २०२० : एक संच, तीन नव्या गोष्टी

संचाचं नाव 'इकोरिया: लेअर ऑफ बेहेमॉथ्स'. विषय अजस्र राक्षसी प्राणी. जपानच्या गॉडझिलाची खास कार्डंही त्यात होती. १६ एप्रिलला तो संगणकावरच्या खेळात आला. कोरोनामुळे दुकानं बंद होती, म्हणून अमेरिका-युरोपात छापील पाकिटं १५ मे पर्यंत पुढे ढकलली गेली.

या संचातल्या तीन नव्या गोष्टींवर लोकांच्या तीन वेगळ्या प्रतिक्रिया आल्या. आपल्याला शिकायचंय ते या फरकातून.

पहिली गोष्ट, म्युटेट. एका प्राण्याचं कार्ड दुसऱ्या प्राण्याच्या वर किंवा खाली ठेवायचं आणि दोघांचा मिळून एकच प्राणी करायचा. वरच्याचं रूप, दोघांच्या शक्ती. कल्पना लोकांना मस्त वाटली. पण प्रश्नांची रांग लागली. खालच्या कार्डाचं काय होतं? प्राणी मेला तर दोन्ही कार्डं जातात का? एकावर तिसरं ठेवलं तर? म्हणजे प्रतिक्रिया होती, "आवडलं, पण डोकं चालवावं लागतंय."

दुसरी गोष्ट, शक्तीच्या खुणा. एखाद्या प्राण्याला उडण्याची किंवा तशीच दुसरी शक्ती कायमची मिळाली, हे दाखवायला त्यावर खूण ठेवायची. ही खूण लक्षात ठेवायला कठीण जाईल हे कंपनीने आधीच ओळखलं होतं. म्हणून काही पाकिटांत खुणांच्या छोट्या टिकल्या पुठ्ठ्यातून काढून घेता येतील अशी कार्डं टाकली. नवा नियम दिला आणि तो वापरायचं साधनही हातात दिलं. यावर फारसा गोंधळ झाला नाही.

तिसरी गोष्ट, कम्पॅनियन. आजचा धडा इथे आहे.

कम्पॅनियन : ऑफर काय होती

एकूण १० प्राणी असे काढले की ते तुमचे 'सोबती' होऊ शकतील. सोबती डेकमध्ये ठेवायचा नाही, बाहेर ठेवायचा. डावात एकदा, हवा तेव्हा, त्याचा खर्च भरून थेट बाहेरूनच खेळायचा. नशिबाने हातात यायची वाट बघायची नाही.

बदल्यात काय द्यायचं? एक अट पाळायची. अट डेक बांधतानाची. एका सोबत्याची अट, डेकमध्ये फक्त सम खर्चाची कार्डं हवीत. दुसऱ्याची, जमिनी सोडून सगळी विषम खर्चाची. तिसऱ्याची, डेक किमान मर्यादेपेक्षा २० कार्डांनी मोठा हवा. अशा दहा जणांच्या दहा अटी.

सुरुवातीला खेळाडू खूश झाले. कारण सरळ आहे. आवडता प्राणी दर डावाला आपल्यासोबत असणार. अटींमुळे वेगवेगळे विचित्र डेक बांधायला मजा येणार. कागदावर ही स्कीम अगदी न्याय्य दिसत होती : तुम्ही बंधन स्वीकारा, आम्ही बक्षीस देतो.

आता रमीचं उदाहरण घ्या. सगळ्यांना १३ पत्ते वाटले. एकाला सांगितलं, तुला चौदावा पत्ता देतो, तो दर डावाला जोकरच असेल, फक्त तू एक अट पाळ. हा व्यवहार न्याय्य आहे की नाही, हे कशावर ठरेल? ती अट पाळताना त्याला खरंच काही सोडावं लागतं का, यावर.

राग कशाचा होता

ज्यांना काहीच सोडावं लागलं नाही, त्यांनी ही स्कीम अक्षरशः लुटली. तीन उदाहरणं बघा.

लुट्री. या सोबत्याची अट, जमिनी सोडून डेकमधलं प्रत्येक कार्ड वेगळं हवं. पण मॅजिकमध्ये 'कमांडर' नावाचा लोकप्रिय प्रकार आहे. त्यात डेक १०० कार्डांचा आणि साध्या जमिनी सोडून प्रत्येक कार्ड वेगळंच असावं, हा तिथला मूळ नियमच. म्हणजे निळा आणि लाल रंग खेळणाऱ्या प्रत्येकाची अट आधीच पूर्ण! कमांडरचे नियम तेव्हा एक स्वतंत्र समिती सांभाळायची. तिने संच बाजारात यायच्या आधीच लुट्रीवर बंदी जाहीर केली.

लुरस. मांजरासारखा दिसणारा सोबती. अट अशी की टेबलावर टिकून राहणाऱ्या प्रत्येक कार्डाचा खर्च २ किंवा त्याहून कमी हवा. नव्या खेळाडूला ही अट जड वाटते, मोठे राक्षस सोडावे लागतात. पण 'मॉडर्न', 'लेगसी', 'व्हिंटेज' या जुन्या प्रकारांत खेळ इतका वेगवान आहे की बरेच चांगले डेक मुळातच स्वस्त कार्डांचे असतात. त्यांनी जवळजवळ काहीच बदललं नाही आणि दर डावाला एक जादा कार्ड मिळालं. वर लुरस दर पाळीला टाकलेल्या कार्डांतलं एक स्वस्त कार्ड परत खेळू द्यायचा.

योरियन. ६० ऐवजी ८० कार्डांचा डेक हवा, ही याची अट. डेक मोठा झाला की आपलं हुकमी कार्ड हातात येण्याची शक्यता कमी होते, हे खरं नुकसान. पण ज्यांच्याकडे चांगल्या कार्डांची कमतरता नव्हती, त्यांना २० जादा कार्डं भरणं फारसं जड गेलं नाही.

हळूहळू तक्रारी दोन मुद्द्यांवर येऊन थांबल्या. पहिली, "समोरच्याकडे ८ कार्डं, माझ्याकडे ७. सोबती घेतला नाही तर मी मागे पडतो." दुसरी जास्त महत्त्वाची, "प्रत्येक डाव सारखाच वाटतो." पत्त्यांच्या खेळात मजा असते ती पुढचं पान काय निघेल यात. तेच कार्ड दर डावाला हमखास येणार असेल तर ती मजा कमी होते.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. वापर वाढला म्हणजे आवडलं असं नाही. त्या काळात वरच्या स्पर्धांमधल्या बहुतेक डेकांत सोबती होता. फक्त वापराचा आकडा पाहिला असता तर कंपनी म्हणाली असती, वा, योजना सुपरहिट! पण लोक वापरत होते कारण न वापरणं परवडत नव्हतं. तुमच्या दुकानात कूपन शंभर जणांनी वापरलं, यात ऑफरचं यश नसतं. त्या शंभरांपैकी किती जणांनी कूपनमुळे काही वेगळं केलं, हा खरा आकडा.

व्हिंटेजमधली अडचण

व्हिंटेज हा सर्वात जुन्या आणि ताकदवान कार्डांचा प्रकार. तिथे एखादं कार्ड फार भारी असलं तरी सहसा बंदी घालत नाहीत, "डेकमध्ये चार ऐवजी एकच ठेवा" असं सांगतात. प्रसिद्ध 'ब्लॅक लोटस' हे कार्डही तिथे असंच एक प्रत ठेवून खेळता येतं.

पण लुरसला हा उपाय लागूच पडेना. कारण सोबती मुळात एकच लागतो आणि तोही डेकच्या बाहेर असतो. एकाच प्रतीची मर्यादा घालून काय फरक पडणार? शेवटी १८ मे २०२० रोजी व्हिंटेजमध्ये लुरसवर थेट बंदी आली. त्याच दिवशी लेगसीत लुरस आणि झिर्डा या दोन सोबत्यांवर बंदी आली.

यातून धंद्याला शिकवण अशी : आपल्याकडे गैरवापर रोखायची नेहमीची साधनं असतात. "एका ग्राहकाला एकच", "स्टॉक असेपर्यंत", "अटी लागू". नवी ऑफर काढण्याआधी बघा की ही जुनी साधनं तिला लागू पडतात का. "एका ग्राहकाला एकच" ही मर्यादा तुम्ही लावली, पण मुळात कुणाला दोन हवीच नव्हती, तर ती मर्यादा नावापुरती.

कंपनीने काय केलं

१८ मेच्या घोषणेतच कंपनीने सूचना देऊन ठेवली होती की सोबत्यांचं प्रमाण असंच राहिलं तर आम्ही या नियमातच बदल करू शकतो. दोन आठवड्यांनी, १ जून २०२० रोजी, बदल जाहीर झाला. छापील पाकिटं अमेरिका-युरोपातल्या दुकानांत येऊन फक्त १७ दिवस झाले होते.

नवा नियम असा. सोबती आता बाहेरून थेट खेळता येणार नाही. आधी ३ माना भरून तो हातात घ्यायचा, तोही फक्त आपल्या पाळीत, शांत वेळी. मग त्याचा स्वतःचा खर्च वेगळा भरून खेळायचा. हातात आल्यावर समोरचा तुम्हाला तो टाकून द्यायलाही लावू शकतो. म्हणजे आता धोका पण आला.

बघा, कंपनीने काय केलं नाही. दहाच्या दहा कार्डांवर बंदी घातली नाही. अटी जास्त कडक केल्या नाहीत. अट होती तशीच ठेवली आणि त्यावर एक किंमत लावली. किंमत सगळ्यांना सारखीच लागते. अट मात्र कुणाला जड, कुणाला फुकट. मूळ घोळ इथेच होता : अटीलाच किंमत समजलं गेलं.

यावर काही खेळाडू नाराजही झाले आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नुकतंच विकत घेतलेल्या कार्डावर छापलंय की बाहेरून थेट खेळता येतं, आणि आता नियम वेगळा. जे छापलंय ते खरं मानायचं नाही तर काय? कार्डाची ताकद कमी करण्यासाठी त्याचा अर्थ बदलणं ही कंपनी एरवी टाळते. इथे तिने तो मार्ग निवडला, कारण एकेक कार्ड बंद करत बसलं असतं तर ज्या ग्राहकांनी ती घेतली त्यांच्या हातात निरुपयोगी पुठ्ठा राहिला असता.

उपाय पूर्ण यशस्वी झाला का? बऱ्याच अंशी. फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हिंटेजमधली लुरसवरची बंदी उठली, म्हणजे जिथे तो सर्वात धोकादायक वाटला होता तिथेही किंमत लावल्यावर चालून गेला. पण मार्च २०२२ मध्ये मॉडर्न आणि पायोनियर या प्रकारांत लुरसवर बंदी आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॉडर्नमध्ये योरियनवरही आली. सगळ्यांसाठी एकच किंमत लावली तरी ज्याची अट काही जणांना अगदी फुकट पडते, तो पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून ऑफर सुरू करून विसरून जायचं नसतं. दर तीन महिन्यांनी बघायचं असतं.

आता आपला हिशोब

उदाहरणासाठी एक स्टेशनरीचं दुकान घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, पद्धत शिकण्यासाठी. मार्जिन २० टक्के धरू. दिवसातली दहा बिलं अशी :

२२०, ३४०, ४१०, ४८०, ५२०, ५६०, ६१०, ६५०, ७२०, ८९०.

दुकानदाराने पाटी लावली : "५०० च्या खरेदीवर पाण्याची बाटली मोफत." बाटली त्याला ४० रुपयांना पडते, छापील किंमत ६०.

*पहिला प्रकार : ५०० ची अट, भेट मोफत.*
दहापैकी सहा बिलं आधीच ५०० च्या वर आहेत. हे सहा जण म्हणजे आपले लुट्री. त्यांनी काहीही वेगळं केलं नाही आणि बाटली घेऊन गेले. ४१० आणि ४८० वाले दोघं वाढवून ५०० पर्यंत आले असं समजू. जादा विक्री ९० अधिक २०, म्हणजे ११० रुपये. त्यावर मार्जिन २२ रुपये. आणि बाटल्या गेल्या आठ, म्हणजे ३२० रुपये. निव्वळ तोटा २९८.

मजा बघा, संध्याकाळी दुकानदार म्हणेल, "ऑफर जबरदस्त चालली, आठ बाटल्या संपल्या!"

*दुसरा प्रकार : अट ७५० वर नेली, भेट मोफतच.*
आता आधीच वर असलेला एकच, ८९० वाला. ७२० आणि ६५० वाले वाढवून ७५० ला आले. जादा विक्री ३० अधिक १००, म्हणजे १३०. मार्जिन २६. बाटल्या तीन, खर्च १२०. निव्वळ तोटा ९४. कमी झाला, पण आहेच.

का आहे? कारण २० टक्के मार्जिनवर ४० रुपये भरून काढायला ग्राहकाने निदान २०० रुपयांची जादा खरेदी करायला हवी. चाळीस भागिले ०.२०. हे गणित पाटी रंगवायच्या आधी करायचं असतं.

*तिसरा प्रकार : अट ७५० ची, आणि ६० ची बाटली ३० रुपयांत.*
आता प्रत्येक बाटलीमागे आपल्या खिशातून जातात १० रुपये. तीन बाटल्यांचे ३०. मार्जिन तेच २६. तोटा ४ रुपये, म्हणजे जवळपास बरोबरी. आणि ६१० वाला एक ग्राहक आणखी वाढून ७५० ला आला तर? जादा विक्री २७०, मार्जिन ५४, चार बाटल्यांचे ४०. आता १४ रुपये वरती राहिले.

तिसऱ्या प्रकारातले ३० रुपये म्हणजेच आपले ३ माना. ग्राहकाला अर्ध्या किमतीत वस्तू मिळाल्याचा आनंद आहे. ज्याला बाटली नकोच आहे तो उगाच घेत नाही. आणि आपलं दुकान दिवाळीपर्यंत टिकतं.

लहान धंद्यात २९८ रुपये रोजचे म्हणजे २६ दिवसांचे ७,७४८. बऱ्याच गावांत छोट्या गाळ्याचं भाडं याच्या आसपास असतं. ऑफरमुळे दुकान बंद पडलं असं कुणी म्हणत नाही, पण अशा गळतीने भाडं थकतं हे मात्र खरं.

तक्रार ऐकायची कशी

मॅजिकचे मुख्य डिझायनर मार्क रोझवॉटर २०१६ मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये बोलले होते. २० वर्षांत शिकलेले २० धडे असा विषय होता. त्यातल्या एका धड्याचा आशय असा : अडचण कुठे आहे हे ग्राहकाला चांगलं कळतं, पण उपाय काय हे सांगण्यात तो तितका पक्का नसतो. कारण त्याला तुमच्या अडचणी, खर्च, बाकीचे ग्राहक दिसत नसतात.

कम्पॅनियनच्या वेळी बऱ्याच जणांची मागणी होती, "बंदी घाला." अडचण बरोबर होती. उपाय कंपनीने स्वतः शोधला. म्हणून ग्राहक बोलला की त्याच्या वाक्याचे दोन भाग करा. "काय खुपतंय" हा भाग जसाच्या तसा वहीत लिहा. "काय करा" हा भाग बाजूला ठेवा आणि स्वतः विचार करा.

मग खुपणं कोणत्या जातीचं आहे ते ओळखा. इकोरियातली उदाहरणं धरून तीन जाती सांगतो.

१. "समजत नाही." म्युटेटसारखी. वस्तू चांगली आहे, समजावणं कमी पडतंय. इथे ऑफर बदलू नका. पाटी सोपी करा, काउंटरवरच्या मुलाला दोन वाक्यांत सांगता येईल असं करा. आणि जमलं तर साधन द्या, शक्तीच्या टिकल्यांसारखं. "दहा डब्यांवर एक फुकट" असेल तर शिक्का मारायचं कार्ड द्या, ग्राहकाने मोजत बसू नये.

२. "हे बरोबर नाही." कम्पॅनियनच्या ८ विरुद्ध ७ सारखी. काही ग्राहकांना काही न करता फायदा मिळतोय आणि दुसऱ्यांना दिसतंय. इथे समजावून उपयोग नाही, हिशोबच बदलावा लागतो. किंमत लावा, किंवा अट अशी ठेवा की प्रत्येकाला थोडं तरी पाऊल पुढे टाकावं लागेल.

३. "कंटाळा आला." प्रत्येक डाव सारखा, त्यासारखी. ही तक्रार लोक तोंडाने क्वचित सांगतात, येणं कमी करतात. वर्षभर "२० टक्के सूट" ची पाटी लटकत असेल तर ती सूट राहत नाही, तोच भाव होऊन बसतो.

चालू ऑफर बदलायची वेळ आली तर

आधी इशारा द्या, मग बदला. कंपनीने १८ मेला सूचना दिली, १ जूनला बदल केला. तुम्हीही पाटी लावा : "ही योजना अमुक तारखेपर्यंत. त्यानंतर नवी योजना." रात्रीतून पाटी उतरवू नका.

बदल सगळ्यांना सारखा लावा. ओळखीच्या काकूंना जुनी स्कीम आणि बाकीच्यांना नवी, असं केलंत की दुसऱ्या जातीची तक्रार तुम्हीच तयार केलीत.

आणि छापील शब्द पाळा. ज्यांच्याकडे जुनं कूपन आहे त्यांना जुन्याच अटीवर द्या, थोडं नुकसान झालं तरी. मॅजिककडे तीस वर्षांची पुण्याई आहे, म्हणून छापलेलं बदलूनही ग्राहक टिकले. आपल्या नव्या दुकानाकडे ती नाही. कूपन छापताना शेवटची तारीख टाकली की हा प्रश्नच येत नाही.

गृहपाठ

१. गेल्या आठवड्यातली कोणतीही २० बिलं घ्या आणि चढत्या क्रमाने लिहा. बिलबुक नसेल तर आजपासून साध्या वहीत रक्कम टिपा.

२. तुमच्या ऑफरची अट किती बिलं आधीच पूर्ण करतात ते मोजा. निम्म्याहून जास्त असतील तर ती ऑफर नाही, दान आहे. दान करायला हरकत नाही, फक्त ते दान म्हणून वहीत लिहा.

३. भेटीचा खर्च भागिले तुमचं मार्जिन. ५० रुपयांची भेट, २५ टक्के मार्जिन, तर २०० रुपयांची जादा विक्री लागेल. तुमचा ग्राहक इतकी वाढवेल का? प्रामाणिक उत्तर लिहा.

४. नसेल वाढवत, तर भेटीवर छोटी किंमत लावून हिशोब परत करा.

५. या आठवड्यात तीन ग्राहकांचं म्हणणं शब्दशः लिहा आणि प्रत्येकापुढे जात लिहा : समजत नाही, बरोबर नाही, की कंटाळा.

तुमची २० बिलं आणि तुमची अट व्हिडिओखाली लिहून पाठवा, दुकानाचं नाव नाही टाकलं तरी चालेल. त्यातली दोन-तीन घेऊन पुढच्या रविवारी आपण फळ्यावर हिशोब मांडू. तोपर्यंत नवी पाटी रंगवायला टाकू नका.